कोल्हापूरचा पडदा आणि चेहऱ्याचा मज्जातंतू

कोल्हापुरात १ डिसेंबर १९१७ रोजी स्थापन झालेली महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी उभारलेली प्रभात फिल्म कंपनी या दोन संस्थांनी मराठी चित्रपटाचा पाया घातला, हे सर्वश्रुत आहे. परंतु या व्यवसायाची पहिली दहा-बारा वर्षे पूर्णपणे मुकी होती आणि त्या काळात नटनटींच्या उपजीविकेचा भार गळ्यावर नव्हे, तर चेहऱ्याच्या स्नायूंवर होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे भावदर्शक स्नायू एकाच मज्जातंतूच्या आज्ञेत असतात आणि तो तंतू निकामी झाला की भुवईपासून हनुवटीपर्यंतचा अर्धा चेहरा एकाएकी निश्चल होतो. ज्या गावाने चेहऱ्यालाच भाषा मानून एक नवा धंदा उभा केला, त्या गावाच्या कलापरंपरेत या मज्जातंतूची कथा वैद्यकाच्या पुस्तकात येते त्यापेक्षा वेगळ्या अंगाने दिसते, आणि त्या परंपरेतील दिग्दर्शकांबरोबर काम केलेल्या एका थोर अभिनेत्रीच्या कारकिर्दीत तर ती प्रत्यक्ष पडद्यावर उमटलेली आहे.

चित्रपटापूर्वीचे कोल्हापूर हे नाटकाचे, त्यातही गाण्याचे, गाव होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचा लौकिक केशवरावांच्या तानेवर उभा होता, आणि राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या, १९१५ साली खुल्या झालेल्या पॅलेस थिएटरात (आजचे केशवराव भोसले नाट्यगृह) शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाची भुवई दिसली नाही तरी त्याचा सूर स्पष्ट ऐकू येत असे. भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र फार पूर्वीच चेहऱ्याचे शास्त्र बारकाईने मांडून ठेवले होते. त्यात डोळे, भुवया, नाक, गाल, अधर आणि हनुवटी यांना उपांगे म्हटले आहे. दृष्टीचे ३६ प्रकार, भुवयांच्या ७, गालांच्या ६, अधराच्या ६ आणि हनुवटीच्या ७ हालचाली वर्णन केल्या आहेत, आणि भावानुसार पालटणाऱ्या चेहऱ्याच्या वर्णाला, म्हणजे मुखरागाला, ४ प्रकारांत बसविले आहे. संगीत नाटकाच्या भरभराटीत या सूक्ष्म वर्गीकरणाची गरज तितकीशी भासत नव्हती, कारण भावाचा मोठा हिस्सा पदातूनच व्यक्त होई. कॅमेऱ्याने नटाचा गळा काढून घेतला आणि प्रेक्षकाला त्याच्या गालापर्यंत नेऊन बसविले, तेव्हा उपांगांचा हा जुना हिशेब पुन्हा व्यवहारात आला.

हा बदल घडविणारे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), मुळात चित्रकार आणि मूर्तिकार होते आणि नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याच्या कामातून पुढे आले होते. आप्त आणि सहकारी आनंदराव पेंटर यांच्याबरोबर त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनविण्याचे स्वप्न पाहिले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी तो कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक आधारावर उभ्या राहिलेल्या त्यांच्या कंपनीचा पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात असा आग्रह धरून बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आणले. भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव आणि कीचकाच्या भूमिकेत झुंझारराव पवार होते. पुढे १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून निघालेल्या ‘सावकारी पाश’ मध्ये, जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी तरुण व्ही. शांताराम यांनी उभा केला, तेव्हा पौराणिक कथेचा आधार सुटून चेहरा हेच नटाचे एकमेव भांडवल उरले. देवाच्या भूमिकेतील नटाला मुकुट, आयुध आणि चमत्कार यांची साथ असते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला यांपैकी काहीच नसते.

त्या काळची चित्रफीत आजच्या मानाने फार मर्यादित क्षमतेची होती. ती निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असल्यामुळे ओठांचा आणि त्वचेचा तांबूसपणा पडद्यावर काळपट उतरे, आणि चित्रीकरण बहुतांशी उन्हात, परावर्तकांनी उजेड वळवून चाले. अशा उजेडात चेहऱ्यावरील सुरकुती, गालाचा उंचवटा, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी रेषा ही सारी छाया-प्रकाशाची घटना होती, आणि मूर्तिकाराच्या हाताला ती चांगली कळत होती. बाबूरावांच्या चित्रपटांचे मोठेपण सांगताना देखाव्यांचा आणि वेशभूषेचा उल्लेख नेहमी होतो. मात्र मातीतून मुखवटा घडविणाऱ्या माणसाने जिवंत मुखाकडे कसे पाहिले असेल, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

ज्या यंत्रणेवर हा सारा खेळ चालतो तिची रचना येथे सांगणे आवश्यक आहे. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची असते. मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून निघून हा तंतू कानाच्या आतील वाटेने शंखास्थीत, म्हणजे कानशिलाच्या हाडात, शिरतो आणि त्या हाडातील सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या वळणदार नळीतून प्रवास करतो. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पिओ यांनी वर्णन केलेल्या या नळीची सर्वांत अरुंद जागा जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे तंतूला थोडी जरी सूज आली तरी त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि तो स्वतःच्याच सुजेने आवळला जातो. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागच्या कडेपाशी तो हाडाबाहेर येतो, तेथील लालाग्रंथीत शिरतो आणि पाच मुख्य शाखांनी चेहऱ्यावर पसरतो: कानशिलाकडे, गालाच्या हाडाकडे, गालाकडे, खालच्या जबड्याच्या कडेने आणि मानेकडे.

या पाच शाखा ज्या स्नायूंना चेतवितात ते इतर स्नायूंपेक्षा वेगळे आहेत. दंडाचा किंवा मांडीचा स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो आणि सांधा हलवितो. चेहऱ्याच्या स्नायूंची टोके मात्र बहुतेक ठिकाणी थेट त्वचेत रुतलेली असतात, म्हणून ते आखडले की हाड हलत नाही, कातडी दुमडते. कपाळाचा स्नायू भुवया उचलतो आणि आडव्या आठ्या पाडतो. भुवयांमधला छोटा स्नायू त्यांना जवळ ओढून रागाची किंवा विचाराची उभी रेघ उमटवितो. डोळ्याभोवतालचा वर्तुळाकार स्नायू पापण्या मिटतो. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरणारा स्नायू हसू आणतो. ओठांभोवतालचा स्नायू तोंड मिटतो. आणि मानेवरचा पातळ, पसरट स्नायू भीतीच्या वेळी गळ्याच्या शिरा ताणल्यासारख्या दाखवितो. डोळा उघडण्याचे काम मात्र या तंतूकडे नाही, कारण वरची पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या जोडीच्या ताब्यात असतो. तसेच चावण्याचे स्नायू आणि चेहऱ्याची स्पर्शसंवेदना पाचव्या जोडीकडे आहेत. या वाटणीमुळेच चेहऱ्याच्या पक्षाघाताला त्याचे विशिष्ट रूप येते.

ही वाटणी उलगडण्याच्या इतिहासात एक चित्रकार आहे, आणि बाबूरावांच्या गावाच्या संदर्भात ही बाब विशेष अर्थपूर्ण वाटते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक चार्ल्स बेल (१७७४–१८४२) स्वतः कुशल चित्रकार होते. चित्रकारांना भावमुद्रांमागील शरीररचना समजावी म्हणून त्यांनी १८०६ साली एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्या अभ्यासातूनच ते चेहऱ्याच्या मज्जातंतूंकडे वळले. १८२१ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी चेहऱ्याची हालचाल आणि चेहऱ्याची संवेदना ही दोन वेगळ्या तंतूंची कामे असल्याचे प्रतिपादन केले. सातव्या जोडीला त्यांनी श्वसनाशी जोडले होते, ते पुढे टिकले नाही. तरी कारण न सापडता अचानक येणाऱ्या पक्षाघाताला आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यानंतर फ्रान्समधील द्युशेन यांनी विजेच्या सौम्य प्रवाहाने एकेक स्नायू स्वतंत्रपणे आखडवून पाहिला, त्या मुद्रांची छायाचित्रे १८६२ साली प्रसिद्ध केली, आणि मनापासूनच्या हास्यात ओठांबरोबर डोळ्याभोवतालचा स्नायूही आखडतो, तर ओढूनताणून आणलेल्या हास्यात तो बहुधा स्वस्थ राहतो, असे दाखवून दिले. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात याच छायाचित्रांचा उपयोग केला. म्हणजे चेहऱ्याच्या अभ्यासाला कॅमेऱ्याची जोड चित्रपटाच्या जन्मापूर्वीच मिळाली होती.

हा मज्जातंतू निकामी झाला की काय होते, हे एकाच बाजूच्या चेहऱ्यावर क्रमाने पाहता येते. रात्री चांगला झोपलेला माणूस सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेतून गळते असे पाहतो, आणि आरशात त्याला कपाळाची अर्धी बाजू आठीविना गुळगुळीत दिसते. त्या बाजूची भुवई खाली आलेली असते, नाकाशेजारची रेषा पुसट होते, ओठाचा कोपरा उतरतो, आणि हसण्याचा प्रयत्न केला की निरोगी बाजू तोंडाला आपल्याकडे ओढते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाकडी झालेली बाजू हीच आजारी वाटते, वास्तविक ती धडधाकट असते. डोळा मिटायला सांगितला की पापण्या अर्ध्यावर थांबतात आणि बुबुळ वर सरकून पांढरा भाग दिसतो; ही हालचाल बहुतेकांमध्ये होते, परंतु पापणी मिटत असल्यामुळे एरवी झाकलेली राहते. जेवताना भाकरीचा घास गालाच्या आणि हिरड्यांच्या मध्ये अडकून बसतो, कारण त्याला आत ढकलणारा गालाचा स्नायू ढिला पडलेला असतो, आणि तांबडा रस्सा वाटीला तोंड लावून पिताना ओठाच्या कडेतून ओघळतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव याच तंतूच्या एका उपशाखेतून जाते, म्हणून त्या बाजूची चव बोथट होते. कानातील इवलासा स्नायू सैल झाल्यामुळे भांड्याचा साधा आवाजही कानठळ्या बसविणारा वाटतो. बोलण्यात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण विशेष बिघडतात, कारण त्यांना दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात आणि हवा एका कडेने निसटते.

याच वाकड्या तोंडाची दुसरी जात मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने येते, आणि ती वेगळी ओळखणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात, त्यामुळे मेंदूच्या एका बाजूस इजा झाली तरी कपाळाला आठ्या घालता येतात आणि फक्त चेहऱ्याचा खालचा भाग दुबळा होतो. तंतूचीच इजा असेल तर कपाळही गतिहीन होते. अभिनयाच्या अभ्यासकाला याहून मननीय वाटावी अशी एक गोष्ट आहे. मेंदूच्या बाह्य थरातील इजेने ज्याला सांगून हसता येत नाही, तोच माणूस खरोखर गंमत वाटली की दोन्ही बाजूंनी हसतो, आणि मेंदूच्या खोल भागातील काही विकारांत नेमके उलटे घडते. ठरवून आणलेली मुद्रा आणि मनातून उमटलेली मुद्रा यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात आणि सातव्या तंतूशी येऊन एकत्र होतात. तो तंतूच तुटला तर दोन्ही वाटा एकदम बंद होतात.

भारतीय वैद्यकाला हा विकार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत तो अर्दित या नावाने वातव्याधींमध्ये येतो. सुश्रुताने मोठमोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, फार हसणे, जांभई देणे, ओझे वाहणे आणि वेडेवाकडे झोपणे ही कारणे सांगितली आहेत, आणि तोंड वाकडे होणे, मान वळणे, वाणी अडखळणे, डोळ्यांत विकृती येणे ही लक्षणे नोंदविली आहेत. चरकाच्या उपचारांत नाकातून औषध सोडण्याचे नस्य, डोक्यावर तेल धारण करणे, वाफेचा शेक आणि पोटिसाप्रमाणे लेप बांधणे यांचा समावेश आहे. दक्षिण महाराष्ट्रात आजही चेहऱ्यावरून वारे गेले असेच म्हटले जाते, आणि गार हवेपासून कान झाकण्याची दक्षता त्याच समजुतीतून घेतली जाते. कोल्हापूर संस्थानात पाश्चात्त्य वैद्यकाचे केंद्र चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभे राहिलेले अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय, म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, हे होते. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विकारावर तेथेच काय, जगात कोठेही शेक, चोळणे, विजेच्या सौम्य प्रवाहाने स्नायू चेतविणे आणि वाट पाहणे यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते.

१९३२ साली प्रभातने कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला आणि पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. मागे कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आणि पुढे जयप्रभा स्टुडिओ यांनी गावाचा धंदा चालू ठेवला. बोलपटाने चेहऱ्याचे काम हलके केले, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते दुप्पट झाले, कारण आता त्याच ओठांना एकाच वेळी शब्द स्पष्ट उच्चारायचे होते आणि भावही दाखवायचा होता. या संधिकाळात वाढलेल्या कलावंतांपैकी एक म्हणजे १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यास जन्मलेल्या अंबा सगुण, ज्यांना पुढे जग ललिता पवार म्हणून ओळखू लागले. त्यांनी बालवयात मूकपटात काम केले, म्हणजे त्यांचे पहिले शिक्षणच शब्दांविना, केवळ मुद्रेचे झाले. पुढे त्या नायिका झाल्या, भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) मध्ये आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरील, मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अमृत’ (१९४१) मध्ये झळकल्या. भालजी आणि विनायक हे दोघेही कोल्हापूरचे, आणि त्या अर्थाने ललिताबाईंचा चेहरा कोल्हापूरच्या दृष्टीने घडविलेल्या पडद्यावर आला होता.

१९४२ च्या सुमारास एका हिंदी चित्रपटाच्या चित्रीकरणात ठरलेल्या दृश्यासाठी सहकलाकार भगवान यांनी मारलेली थप्पड अपेक्षेपेक्षा फार जोरात बसली, आणि त्यानंतर ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात होऊन डाव्या डोळ्याला कायमचा दोष राहिला, ही हकिकत चित्रपटसृष्टीत सर्वांना माहीत आहे. उपचार सुमारे तीन वर्षे चालले असे सांगतात. कानाच्या पाळीखाली हा तंतू हाडाबाहेर येतो तेव्हा त्याच्यावर लालाग्रंथीच्या आणि त्वचेच्या पलीकडे कोणतेही कवच नसते, आणि शंखास्थीला हादरा बसला तर आतील अरुंद नळीत सूज येऊन तंतू आवळला जातो; त्यामुळे अशा आघाताने चेहरा निश्चल होणे शरीरशास्त्राला अनपेक्षित नाही.

त्यांच्या डोळ्याविषयी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते. ताज्या पक्षाघातात डोळा मिटत नाही, म्हणजे तो मोठा दिसतो; ललिताबाईंचा डावा डोळा पडद्यावर बारीक, मिटू पाहणारा दिसतो. तंतूच्या धाग्यांना इजा झाली की ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, म्हणून कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांना कित्येक महिने लागतात. परंतु वाढताना ते आपली जुनी वाट हमखास धरतीलच असे नाही. ओठाकडे जाणारा धागा पापणीच्या स्नायूत शिरला तर हसताना किंवा बोलताना डोळा आपोआप आखडतो, आणि बऱ्या झालेल्या बाजूचे स्नायू कायमचे थोडे ताणलेले राहून डोळ्याची फट अरुंद होते. दीर्घकाळ रेंगाळलेल्या पक्षाघातानंतर दिसणारे चित्र असे असते, आणि पडद्यावरील त्या डोळ्याच्या ठेवणीशी ते जुळते. शिवाय त्याच प्रसंगी डोळ्यातील रक्तवाहिनी फुटल्याचेही सांगितले जात असल्यामुळे केवळ तंतूलाच सारा दोष देणे योग्य होणार नाही.

या दुखापतीने त्यांचे नायिकापद गेले, ही त्या काळच्या धंद्याची निष्ठुर रीत होती. परंतु १९४४ सालच्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ मध्ये त्या आनंदीबाई म्हणून उभ्या राहिल्या, आणि उपचारांच्या सांगितल्या जाणाऱ्या काळातच त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचा आरंभ झालेला दिसतो. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासू, त्यानंतरच्या कित्येक हिंदी-मराठी चित्रपटांतील खाष्ट स्त्रिया, आणि अखेर १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा या भूमिकांनी ती बारीक डोळ्याची नजर घराघरांत पोहोचली. येथे धंद्याने एक मोठा अन्याय केला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. वाकडा चेहरा म्हणजे वाकडे मन, हे समीकरण मज्जातंतूंच्या विज्ञानात कोठेही बसत नाही. तरी पडद्याने ते प्रेक्षकांच्या मनात वर्षानुवर्षे रुजविले, आणि त्याची झळ नाट्य-चित्रपटांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य रुग्णांना बसली. एका बाजूने हलणारा चेहरा हसला तरी छद्मी वाटतो, शांत असला तरी रागावलेला वाटतो, आणि लग्नाच्या बैठकीत, बाजारात किंवा शाळेच्या फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण तसे नाही हे प्रत्येकाला समजावून सांगता येत नाही.

ललिताबाईंची थोरवी अशी की त्यांनी हे समीकरण स्वतःच्याच चेहऱ्याने मोडूनही दाखविले. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळी विकणारी गंगामाई आणि हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा या दोन भूमिकांत डोळा तोच आहे, ओठही तेच. फक्त नजरेला थांबविण्याचा कालावधी, मानेचा कोन आणि आवाजातील ओलावा बदलला आहे, आणि तेवढ्यानेच जो डोळा इतरत्र कपटी वाटे तो येथे मायेने बारीक झाल्यासारखा दिसतो. मिसेस डिसा तोंडाने खडसावत असते आणि त्याच वेळी प्रेक्षकाला तिच्या जिव्हाळ्याची खात्री पटते. ‘अनाडी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. स्नायूंचा एक संच मर्यादित झाल्यावर उरलेल्या उपांगांवर भार वाटून देण्याची ही विद्या मूकपटाच्या शाळेत शिकलेल्या कलावंतालाच साधावी, असे वाटते.

कलेबाहेरच्या रुग्णांसाठी उपायांचा इतिहास अधिक संथ गतीने पुढे सरकला. कुष्ठरोग हेही या तंतूच्या इजेचे एक कारण आहे: त्याचे जंतू त्वचेलगतच्या थंड भागातील तंतूंना गाठतात, त्यामुळे गालाच्या हाडावरून जाणारी पापणीची शाखा त्यात वारंवार बाधित होते आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून शेवटी आंधळा होतो. मिरजेसारख्या जवळच्या वैद्यकीय केंद्रात आणि महाराष्ट्रातील कुष्ठरुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत. पुण्या-मुंबईत काम केलेले शल्यचिकित्सक नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या चेहऱ्यांच्या पुनर्रचनेला आपले आयुष्य वाहिले. त्या क्षेत्रातील एक शस्त्रक्रिया फार बोलकी आहे: चावण्यासाठी वापरला जाणारा कानशिलाचा स्नायू पाचव्या तंतूकडे असल्यामुळे शाबूत राहतो, म्हणून त्याची एक पट्टी पापण्यांपर्यंत आणून बसवितात, आणि मग रुग्ण दात आवळून डोळा मिटायला शिकतो.

अकस्मात येणाऱ्या बेल यांच्या नावाच्या पक्षाघाताचे स्वरूप तुलनेने सौम्य असते. वर्षाला दर लाख लोकांमागे सुमारे २० ते ३० जणांना तो होतो आणि उपचार न करताही जवळजवळ ७० टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ववत होतो. जपानमधील मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ओठांवर जर आणणाऱ्या विषाणूचा अंश अशा रुग्णांच्या मज्जातंतूभोवतालच्या द्रवात सापडल्याचे दाखविले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील मोठ्या चाचणीने प्रेडनिसोलोन हे सूज उतरविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास बरे होण्याचे प्रमाण निश्चितपणे वाढते, हे सिद्ध केले. कोल्हापुरात आज एखाद्याचे तोंड वाकडे झाले तर डॉक्टर प्रथम त्याला भुवया उचलायला सांगतो. कपाळावर आठ्या उमटल्या तर मेंदूच्या तपासणीची घाई होते; न उमटल्या तर कानाच्या मागे, आत आणि लालाग्रंथीत दुसरे कारण नाही ना हे पाहून गोळ्या सुरू होतात, दिवसा डोळ्यात कृत्रिम अश्रूंचे थेंब घालतात, आणि रात्री मलम लावून पापणी पट्टीने बंद करतात, कारण चेहरा सावरेपर्यंतच्या आठवड्यांत बुबुळाला कोरडेपणाने जखम होणे हाच त्यातला खरा धोका असतो.